दोनशे चोवीस उंबरे

आमच्या आबांना मतं मोजता येत नाहीत, उंबरे मोजता येतात. पळसोलीच्या गावकीचा तसा शिरस्ताच आहे. देवळात बैठक बसते, प्रत्येक उंबऱ्यातून कर्ता पुरुष येतो आणि तो बोलला की घर बोललं. घरात चार मतं असोत की नऊ, सून पाचवी शिकलेली असो की बी.एस्सी., उंबऱ्याचा शब्द एकच. शब्द दिला की ताटातली सुपारी उचलायची, आणि सुपारी उचलली की माघार नाही. या हिशेबावर आबांनी तीस वर्षांत सहा सरपंच बसवले. स्वतः एकदाही उभे राहिले नाहीत. खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा खुर्ची उचलून ठेवणाऱ्याला गाव जास्त घाबरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी त्यांची लेक, विनिता. लग्न होऊन खोपोलीला शिळफाट्यावर नांदायला गेले आणि सात वर्षांनी नवऱ्यासकट परत आले. कारण भिवपुरी स्टेशनच्या अंगाला, आमच्याच गावच्या हद्दीत, भाताच्या खाचरांवर निसर्गछाया नावाच्या तीन इमारती उभ्या राहिल्या आणि त्यात आम्हाला परवडेल असं घर मिळालं. माझ्या गॅलरीतून माहेरची ओटी दिसते. आई तांदूळ निवडताना मान वर करते तेही दिसतं. पण गावकीच्या लेखी लेक एकदा उंबरा ओलांडून गेली की यादीतून गेली, मग ती अमेरिकेला जावो नाहीतर समोरच्या इमारतीत.

इमारतींत शहाण्णव घरं. जळगावचे, बीडचे, महाडचे, आझमगडचे, कोण नर्स, कोण सिक्युरिटीत, कोण पॉवर हाऊसमध्ये कंत्राटी. खाचरं विकताना गावाला या लोकांचं कौतुक होतं. राहायला आल्यावर मात्र ते डोळ्यांत खुपायला लागले. पंचायतीची घंटागाडी मारुतीच्या देवळापर्यंत यायची आणि तिथूनच वळायची. आमचा कचरा जिन्याखाली कुजायचा. घरपट्टी घ्यायला मात्र माणूस थेट चौथ्या मजल्यावर यायचा.

एका रविवारी आम्ही आठ-दहा जण आबांकडे गेलो. सरपंच कोणी का असेना, जायचं आबांकडेच, हे एव्हाना इमारतीलाही कळलं होतं. आबांनी सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तुमी वस्तीला आल्याली मानसं. गावची सोय गावासाठी हाय."

मी मागे उभी होते. मला राहवलं नाही. "आबा, मी पन वस्तीला आल्याली काय?"

"तू पावनी," आबा म्हणाले. "पावनीनं दोन दिस र्‍हावं, लाडू खावा, घरला जावं."

सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र मोरीत नळ सोडून रडले. ज्या गावात माझी नाळ पुरली, त्या गावात मी पाहुणी आणि लाडवाची धनी. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, कचऱ्याचं काय व्हायचं ते होवो, या गावाला मला मोजायला लावायचं.

सरपंचपद या खेपेला सोडतीत बाईला गेलं. आबांनी माझी वहिनी हर्षला हिला उभी केली. बिचारीला कोणी विचारलंही नाही. ती भाकऱ्या थापत होती आणि आबांनी ओटीवरून तिचं नाव जाहीर केलं. मी उभी राहिले असते तर बाप-लेकीचा तमाशा झाला असता आणि गावाने शेंगा खात बघितला असता. म्हणून मी समोरच्या दाराची घंटा वाजवली.

समोर शगुफ्ता राहते. मूळची श्रीवर्धनकडची. नवरा हारून शिळफाट्याच्या बाजारात टेंपो चालवतो. ती कर्जतच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी साडेसहाला तिची स्कूटर सुटते ती नऊपर्यंत दहा-बारा घरं करून येते. हात इतका हलका, की सुई आत गेली कधी आणि बाहेर आली कधी हे म्हाताऱ्यांना कळत नाही. इमारतीत तिला सगळे ओळखायचे हे खरं, पण खरी गोम वेगळीच होती. गावातल्या निम्म्या घरांत तिची चूल-मोरीपर्यंत ये-जा होती. कोणाच्या सासूची साखर किती, कोणाच्या सुनेचं रक्त किती कमी, कोणाला मूल होत नाही म्हणून कोण छळतंय, सगळं तिच्या पोटात असायचं आणि पोटातच राहायचं.

ती आधी नको म्हणाली. "विनिता, मला मतं कोण देईल गं? माझं नाव ऐकूनच लोक पुढचं ऐकायचे नाहीत."

मी तिला म्हटलं, "तुझ्यापुढे ते हात पसरतात, तेव्हा नाव विचारतात का?"

तिने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाली. पण सोडतीच्या कितीतरी आधीच आम्ही दोघींनी एक काम हातात घेतलं होतं, त्याशिवाय हे सगळं हवेत गेलं असतं. ते काम यादीचं. इमारतीत सव्वादोनशेच्या वर मोठी माणसं राहत होती आणि मतदार यादीत नावं चौतीस. बाकी सगळ्यांची मतं आपापल्या गावाला. मत गावालाच असतं, अशी आपल्याकडे समजूतच आहे. पोट इथे, मत तिथे. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतूनच फुटते, त्यामुळे तिथे नाव आलं तरच पुढचं सगळं. आम्ही दर रविवारी पार्किंगमध्ये टेबल टाकलं. अर्ज भरायचे, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायच्या, फोटो चिकटवायचे. आठ महिने.

लोक अर्ज करायला तयार होते, पण गावचं नाव कापायला तयार नव्हते. बी विंगचे एक जळगावकडचे काका म्हणाले, गावाला वाडवडलांचं घर आहे. शगुफ्ताने त्यांना विचारलं, तुमच्या गावात घंटागाडी येते का. येते की, काका म्हणाले. मग त्यांना तुमच्या मताची गरज नाही, इथे आहे, असं म्हणून तिने पेन पुढे केलं. काकांनी हसत सही केली. सगळ्यात शेवटचा हट्टी निघाला तिचा नवराच. हारूनचं मत श्रीवर्धनला होतं आणि अब्बांची कबर तिकडे आहे म्हणून तो ते सोडत नव्हता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी शगुफ्ताने भरलेला अर्ज त्याच्या टेंपोच्या स्टिअरिंगवर चिकटवून ठेवला. तो दुपारी सही करून घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत टेंपोतच बसून राहिला. घर बदलणं सोपं असतं, गाव बदलताना माणसाचं काहीतरी तुटतंच.

यादी लागली तेव्हा आमचा आकडा दोनशे चौदावर गेला होता. आबांनी ती यादी उघडूनही पाहिली नाही. यादी बघणं हे त्यांच्या लेखी नवशिक्यांचं काम.

गावात कुजबुज सुरू झाली, कानामागून आली आणि तिखट झाली म्हणून. पण शगुफ्ताने कोणाला उलट उत्तर दिलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला आबा ओटीवर तयार बसायचे. प्रचाराच्या महिन्यातही बसले. बाही वर करून म्हणाले, रक्त घे, मत मागू नको. ती म्हणाली, मत नाही मागत आबा, मागच्या वेळी साखर एकशे नव्वद होती, जिलेबी मात्र बंद करा. आईने हे मला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत होती.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. विपुल आमच्या सोसायटीचा चेअरमन आहे. माणूस चांगला, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. शिवाय सासऱ्यासमोर त्याला नाही म्हणता येत नाही. निवडणुकीला दहा दिवस होते तेव्हा आबांनी जावयाला जेवायला बोलावलं. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, सगळा थाट. मी आत आईला वाढायला मदत करत होते. आबांनी विचारलं, जावयबापू, तुमच्या बिल्डिंगीचं काय. विपुलच्या तोंडात नळी होती. "आबा, बिल्डिंग आपलीच हो," तो म्हणाला. आबांनी पानाचं ताट पुढे केलं. विपुलने सुपारी उचलली आणि तोंडात टाकली.

खोपोलीच्या माणसाला ती नुसती सुपारी होती. आबांना ती शहाण्णव उंबऱ्यांची सुपारी होती. चेअरमन म्हणजे इमारतीचा कर्ता पुरुष, कर्त्याने शब्द दिला, इमारत बोलली. गावचे एकशे अठ्ठावीस आणि हे शहाण्णव मिळून दोनशे चोवीस उंबरे. मी स्वयंपाकघराच्या दारातून आबांचं तोंड पाहिलं. ते बोटांवर मोजत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मी भाकऱ्यांची टोपली घेऊन मागे फिरले. कितीही झालं तरी बाप तो.

घरी येताना मी विपुलला फैलावर घेतलं. त्याला कळेचना, आपण काय केलं. ज्या माणसाने सांगूनही इमारतीतले लोक गाडी नीट लावत नाहीत, पाण्याची टाकी साफ करायच्या दिवशी पाणी जपून वापरत नाहीत, त्याने शहाण्णव घरांचा शब्द दिला होता. अहो, त्याला स्वतःच्या बायकोचं मतही माहीत नव्हतं.

मला रात्रभर झोप लागली नाही. बापाला असं खड्ड्यात पडू द्यायचं का? सकाळी उठून मी तडक गेले. आबा ओटीवर दात घासत बसले होते. मी काही आडपडदा ठेवला नाही.

"आबा, बिल्डिंगीत चेअरमनचं कोन ऐकत नाय. ज्याचं मत त्याचं हाय. तुमी मोजलंय ते चुकीचं हाय."

आबांनी चूळ भरली. "तुला काय कळतं गं त्यातलं? तू घर बघ."

"मी सांगून ठेवते."

"सांगितलंस ना? जा आता. चहा पिऊन जा."

मी चहा न पिता आले. पायऱ्या चढताना राग इतका होता की पाय दुखले नाहीत. मी शत्रूच्या छावणीतून येऊन त्यांना त्यांची चूक सांगितली, आणि ती त्यांनी ऐकली नाही, कारण सांगणारी लेक होती. माझ्या मनावरचं ओझं तिथेच उतरलं. यापुढे जे होईल त्याचं पाप माझ्या माथी नाही.

आबांच्या त्या हिशेबाने पुढचं सगळं घडवलं. दर निवडणुकीला ते डोंबिवली-बदलापूरकडे दोन बस पाठवायचे. पोटापाण्यासाठी तिकडे गेलेले गावातले शंभर-सव्वाशे लोक त्यात बसून यायचे, मत द्यायचे, जेवून परत जायचे. या खेपेला माझ्या भावाने बसचं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, दोनशे चोवीस उंबरे आपले हायत, बस कशाला पायजे. ते लोक फोनची वाट बघत बसले आणि फोन गेलाच नाही.

मतदानाच्या दिवशी मी शगुफ्ताची प्रतिनिधी म्हणून शाळेतल्या खोलीत बसले होते. सकाळी सातलाच इमारतीची रांग लागली. नर्सबाई रात्रपाळी करून डोळे चोळत थेट आल्या होत्या. आझमगडचा सिक्युरिटीवाला गणवेशातच होता आणि पहिल्यांदा मत देतोय म्हणून त्याने शाई लावलेल्या बोटाचे चार फोटो काढले. जळगावचे काका धोतर नेसून आले होते. हारून आला, मत देऊन बाहेर पडला आणि झाडाखाली थोडा वेळ एकटा उभा राहिला. मग परत येऊन रांगेतल्या म्हाताऱ्यांना पाणी वाटायला लागला.

पण मी बघत होते गावच्या बायकांकडे. त्या सासू-सासऱ्यांच्या मागून, डोक्यावर पदर घेऊन यायच्या, माझ्याकडे न बघता पुढे जायच्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्येक जण एकटं असतं. तिथे उंबरा नसतो. मशीन पीं करून वाजायचं आणि त्या तशाच खाली मान घालून बाहेर पडायच्या. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कर्जतला तहसीलमध्ये मोजणी झाली. इमारतीच्या वॉर्डात एकशे अठ्ठ्याण्णव मतं पडली होती, त्यातली एकशे एक्क्याऐंशी शगुफ्ताला. एवढं मला अपेक्षित होतं. मग गावचे दोन वॉर्ड निघाले. तिथे चारशे अकरा पडली आणि त्यातली एकशे साठ शगुफ्ताला. एकशे साठ! मी कागदावरचा आकडा दोनदा वाचला. तीनशे एक्केचाळीस विरुद्ध दोनशे अडुसष्ट. त्र्याहत्तर मतांनी शगुफ्ता पळसोलीची सरपंच झाली होती. मी तिला मिठी मारली आणि तहसीलच्या आवारात, सगळ्या तालुक्यासमोर, आम्ही दोघी लहान पोरींसारख्या रडलो आणि हसलो. आनंद कसा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

हारूनने टेंपोला फुलं लावली होती. इमारतीची माणसं टेंपोमागून चालत निघाली, पण मिरवणूक काढायची कशी हेच कोणाला ठाऊक नव्हतं. गावात ज्याची त्याला वाट माहीत असते, आमच्याकडे कोणी गुलाल आणला होता, कोणी पेढे, जळगावच्या काकांनी तर घरून भरीत करून आणलं होतं. शेवटी मीच पुढे झाले. आधी मारुतीचं देऊळ, मग आळी, मग इमारत. देवळापाशी शगुफ्ता खाली उतरली, पुजाऱ्याच्या हातात नारळ दिला आणि पायरीखाली डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहिली. पुजाऱ्याचीही साखर तीच बघते. त्याने नारळ फोडून पहिली शेरणी, खोबऱ्याचा प्रसाद, तिच्याच हातावर ठेवली.

आळीत शिरलो तेव्हा सगळं चिडीचूप होतं. दारं अर्धवट लोटलेली. हरलेल्या गावातून मिरवणूक नेतोय असं मला वाटलं आणि टेंपो वळवायला सांगावं असं मनात आलं. तेवढ्यात पहिल्याच घरातून शकूआजी बाहेर आली. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. हातात ओवाळणीचं ताट, त्यात पेटलेलं निरांजन. तिने शगुफ्ताला कुंकवाऐवजी हळदीचं बोट लावू का असं विचारलं, शगुफ्ता म्हणाली, आजी, तुमच्या हातचं काहीही चालेल. आजीने ओवाळलं. मग समोरच्या घरातून ठकी आली, ताट घेऊन. मग तिच्या शेजारची. मग एकदम पाच-सहा जणी. सुना, सासवा, एक तर ओली बाळंतीण, मूल कडेवर घेऊन. कोणी कोणाला मत दिलं हे गुपित असतं म्हणतात. पळसोलीत ते त्या दुपारी ताटांवरून उघडं पडलं.

आबा ओटीवर बसले होते. त्यांच्या ताटातली सुपारी उचललेल्या घरांतूनच ही ताटं येत होती, आणि घरांचे कर्ते पुरुष आत खाटेवर बसून छपराकडे बघत होते. आबा एकेक ताट बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते. आमची मिरवणूक ओटीसमोर आली तेव्हा घरातून हर्षलावहिनी बाहेर आली. पडलेली उमेदवार. तिच्याही हातात ताट होतं. तिने शगुफ्ताला ओवाळलं आणि हळूच म्हणाली, "सुटले गं बाई मी." आबा उठले आणि आत गेले.

एवढं जिंकूनही मला त्या रित्या ओटीकडे बघवेना. शगुफ्ताने माझा हात दाबला आणि आम्ही पुढे निघालो.

तिसऱ्या दिवशी घंटागाडी इमारतीत आली. लोकांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या, कचऱ्याच्या गाडीला एवढा मान मी जन्मात पाहिला नव्हता. आबा मात्र दिसले नाहीत. आईने सांगितलं, बोलत नाहीत, जेवतात आणि झोपतात. मी जाणार होते, पण प्रत्येक वेळी पाय अडायचा. जाऊन बोलायचं काय?

रविवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. जिन्यात काहीतरी गडबड ऐकू आली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी विचारत होतं, कुरिअर आहे का. मग आमची घंटा वाजली. विपुलने दार उघडलं. दारात आबा उभे होते. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, चार मजले चढून आले होते. अंगात स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी, कपाळावर घाम.

गावकीची बैठक असली की निरोप घरोघर जाऊन द्यायचा असतो. एकही दार चुकवायचं नसतं, चुकवलं तर तो त्या घराचा अपमान. आबांनी तळमजल्यापासून सुरुवात केली होती.

विपुल गडबडला. "या आबा, आत या," म्हणाला.

"जावयबापू, तुमी नाय," आबा म्हणाले. "विनिताला बोलवा."

मी पिठाच्या हातांनी पुढे गेले. आबांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही.

"गावकी हाय, सांजच्याला, देवळात. जत्रेचं ठरवायचं हाय. या उंबऱ्यातून तू ये." थोडं थांबले, दम लागला होता. "तू सांगितलं व्हतंस. मी मोजलं नाय तुला. चूक माझी."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हाताला पीठ असल्यामुळे पुसताही येईना. मी एवढंच म्हटलं, बसा, पाणी प्या. ते पाणी उभ्यानेच प्यायले. अजून दोन विंगा बाकी आहेत म्हणाले, आणि तिथल्या लोकांना त्यांचं तोंडही माहीत नाही.

मी गॅस बंद केला, हात धुतले आणि चपला घातल्या. समोरच्या दारात शगुफ्ता उभी होती, तिला आबांनी आधीच निरोप दिला होता. तिने त्यांच्याकडे बोट दाखवून मला खुणेने विचारलं, औषध घेतलं का. मी हो म्हणून मान हलवली, खरं तर मला माहीत नव्हतं.

बी विंगच्या पहिल्या दाराची घंटा मी दाबली. दहा-बारा वर्षांच्या एका मुलीने दार अर्धं उघडलं, साखळी न काढता. समोर टोपीवाला अनोळखी म्हातारा बघून तिने विचारलं, तुम्ही कोण.

आबा दाराशी जरा वाकले. जन्मभर मी गावात गोमाची पोरगी म्हणून ओळखली गेले होते.

"मी गोमा," आबा म्हणाले. "विनिताचा बापूस."

मुलीने साखळी काढली आणि आईला हाक मारली.